शंका आणि निदान यांच्यामधील दिवस

रोगाची शंका येणे आणि रोगाचे निदान निश्चित होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंच्या मध्ये काही दिवस, क्वचित काही आठवडे जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका आलेल्या स्त्रीस हा काळ विशेष कठीण वाटतो. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रम लागतो. 2022 सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना हा रोग जडला व सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. त्यामुळे ‘तपासणीत दोष आढळला’ एवढे शब्द कानी पडताच मन सर्वांत वाईट तेच गृहीत धरते. काही स्त्रिया तर भयाने पुढील तपासणीस जातच नाहीत. म्हणून या दिवसांत प्रयोगशाळेत काय चाललेले असते व निकालाचा खरा अर्थ काय, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

रोगाची मंद गती

गर्भाशयाचा जो निमुळता खालचा भाग योनिमार्गात उघडतो, त्यास गर्भाशयमुख म्हणतात. तेथील कर्करोगाच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस किंवा थोडक्यात एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने 1983 व 1984 साली या विषाणूचे 16 व 18 क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या ऊतींतून वेगळे ओळखले. या कार्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो व तो इतका सार्वत्रिक आहे की, बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. बहुसंख्यांच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो ठाण मांडून राहतो, त्यांच्यापैकी काहींच्या गर्भाशयमुखावरील पेशींत हळूहळू विकृती उत्पन्न होते. हीच कर्करोगाची पूर्वावस्था होय. रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या स्त्रीच्या शरीरात संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास होण्यास साधारणपणे 15 ते 20 वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने ती शक्ती क्षीण झाली असल्यास मात्र हा काळ बराच कमी होतो.

या मंद गतीचा दाखला न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातील एका दुःखद प्रकरणातून मिळाला. तेथील एका रुग्णालयात 1966 पासून अनेक वर्षे तीव्र पूर्वावस्था आढळलेल्या काही स्त्रियांना पुरेसा उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. 1987-88 साली या प्रकरणाची न्यायिक चौकशी झाली. त्या स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा केवळ तुकडा तपासला गेला व पुढे उपचार झाला नाही, त्यांच्यापैकी सुमारे 31 टक्के स्त्रियांना 30 वर्षांच्या अवधीत कर्करोग झाला. योग्य उपचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पूर्वावस्थेचा निकाल येण्यास काही आठवडे लागले म्हणून अनर्थ ओढवत नाही. परंतु निकाल आल्यावर उपचार टाळणे मात्र खरोखर घातक ठरते.

प्रत्येक चाचणीचा प्रश्न वेगळा

पहिली चाचणी निदान करीत नाही. कोणास अधिक तपासण्याची गरज आहे एवढेच ती निवडून काढते. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीसमध्ये जन्मलेल्या व न्यूयॉर्क येथे संशोधन केलेल्या शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘पॅप’ म्हटल्या जाणाऱ्या चाचणीत गर्भाशयमुखावरील सुट्या पेशी खरवडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही चाचणीत विषाणू आहे की नाही, एवढेच कळते. तिसऱ्या पद्धतीत गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावतात. विकृत पेशींचा भाग सुमारे एका मिनिटात पांढरा दिसू लागतो व निकाल तेथल्या तेथे सांगता येतो. भारत सरकारने 2016 साली आखलेल्या कार्यक्रमात 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांसाठी दर 5 वर्षांनी हीच पद्धत सुचविली आहे.

होकारार्थी निकाल म्हणजे कर्करोग नव्हे, हे महाराष्ट्रातील एका मोठ्या अभ्यासावरून चांगले समजते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 स्त्रियांचा हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक दशांश स्त्रियांचा निकाल होकारार्थी आला. परंतु त्या गटातील एकूण 34,126 स्त्रियांपैकी कर्करोग निश्चित झाला तो केवळ 127 जणींमध्ये. नेहमीच्याच सोयींवर अवलंबून असलेल्या 31,488 स्त्रियांच्या गटात या रोगाने 64 मृत्यू झाले. चाचणीच्या गटात ते 34 होते.

कधीकधी ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो व चाचणी पुन्हा करावी लागते. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तुकड्याचा प्रवास

पहिली चाचणी होकारार्थी आल्यास पुष्कळदा कॉल्पोस्कोपने तपासणी होते. हे भिंगयुक्त उपकरण हान्स हिन्सेलमान यांनी 1925 साली हँबुर्ग येथे प्रचारात आणले. त्यातून संशयित दिसलेल्या जागेचा बारीकसा तुकडा काढतात. यास बायॉप्सी म्हणतात. निदान होते ते या तुकड्यावरून.

तो तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे तो कुजत नाही व पेशींची रचना टिकते. मग अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेच्या द्रावणांनी त्यातील पाणी काढतात व त्यात वितळलेले मेण मुरवतात. मेण घट्ट झाल्यावर त्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचे काप घेतात, ते रंगवितात व काचपट्टीवर तज्ज्ञाकडे देतात. शंका वाटल्यास तज्ज्ञ आणखी काप मागवितो किंवा सहकाऱ्याचे मत घेतो. म्हणून निकालास उशीर झाला की बातमी वाईटच असणार, हा तर्क बरोबर नाही.

वाट पाहताना

अनिश्चितता पूर्णपणे टाळता येत नाही, परंतु तिचा काही भाग निश्चित कमी करता येतो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी कोणती चाचणी झाली, निकाल कोणत्या दिवशी व कोणाकडून मिळेल, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. त्या दिवशी निरोप न आल्यास आपण होऊन चौकशी करावी. निकाल ऐकण्यास जाताना विश्वासाचे एखादे माणूस बरोबर असावे, कारण भयभीत मनाच्या लक्षात निम्मेच राहते. बायॉप्सीनंतर काही दिवस थोडा रक्तस्राव होणे स्वाभाविक आहे. तो फार झाला किंवा ताप आला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

ज्या स्त्रीस शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जाते, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव होतो, तिने नेहमीच्या तपासणीची वाट पाहू नये. तिची तपासणी लवकर होणे आवश्यक आहे.

या काळात भयाइतकीच लज्जाही छळते. घरातही कधीकधी संशयाचे वातावरण निर्माण होते. वस्तुतः हा विषाणू शरीरात अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. म्हणून तो केव्हा व कोणाकडून आला हे चाचणीवरून सांगता येत नाही आणि कोणाच्याही शीलाविषयी ती काही सिद्ध करीत नाही. ‘काही होणार नाही’ असे वरवरचे आश्वासन देण्यापेक्षा घरच्या मंडळींनी सोबत जावे, कामाचा भार हलका करावा आणि स्त्रीस बोलावेसे वाटेल तेव्हा तिचे ऐकून घ्यावे.

पूर्वावस्था आढळलीच तर ती विकृत जागा गोठवून, उष्णतेने नष्ट करून किंवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने कापून काढता येते. त्यासाठी बहुधा गर्भाशय काढावा लागत नाही. कर्करोग आढळला तरी तो प्रारंभीच्या अवस्थेत असल्यास बरा होण्याचा संभव पुष्कळच असतो. निकाल कोणताही असो, तो घेण्यासाठी ठरलेल्या दिवशी परत जाणे हेच त्या स्त्रीच्या हिताचे आहे आणि तिला तेथवर पोहोचविणे हे तिच्या कुटुंबाचे कर्तव्य आहे.