टेक्सासमधील हेम्पजन्य टीएचसी उत्पादने

हेम्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भांगेच्या वाणांपासून मिळवलेले टीएचसी (टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल) हे नशा आणणारे द्रव्य ज्यांत असते, अशा खाद्यपदार्थांना, पेयांना, तेलांना व ओढण्याच्या पदार्थांना हेम्पजन्य टीएचसी उत्पादने म्हणतात. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मौजेसाठी मारिजुआना बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही २०१९ नंतर त्याच राज्यात या उत्पादनांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि २०२५ पर्यंत आठ हजारांहून अधिक दुकाने त्यांच्या विक्रीसाठी नोंदली गेली. कायद्यात हेम्पची व्याख्या "कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी" अशी केली आहे. शेतातील पिकासाठी आखलेली ही मर्यादा दुकानातील तयार मालालाही लावली गेली, हे या विसंगतीचे मूळ होय.

== ०.३ टक्क्यांची मर्यादा ==

हेम्प आणि मारिजुआना या दोन वेगळ्या वनस्पती नाहीत. दोन्ही कॅनाबिस सॅटिव्हा या एकाच प्रजातीत मोडतात. गांजा, चरस व भांग याच वनस्पतीपासून मिळतात. अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या प्रजातीचे वर्गीकरण मांडताना धाग्यासाठी व बियांसाठी घेतली जाणारी झाडे आणि मादक झाडे यांच्यात ०.३ टक्के टीएचसीची विभाजक रेषा सुचवली. ती सोयीसाठी आखलेली रेषा होती. किती टीएचसी पोटात गेल्यावर माणसाला नशा चढते, या प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता.

पुढे हीच रेषा कायद्यात आली. २० डिसेंबर २०१८ रोजी संमत झालेल्या संघीय कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेली वनस्पती, तिचे अर्क व तिच्यापासून बनणारे पदार्थ नियंत्रित द्रव्यांच्या सूचीतून वगळले. धागा, बियाणे व सीबीडी हे नशा न आणणारे द्रव्य यांसाठी शेतकऱ्यांना नवे पीक मिळावे, हा त्यामागचा मुख्य विचार होता. टेक्सासने त्याला अनुसरून हाउस बिल १३२५ हा कायदा केला. राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी त्यावर १० जून २०१९ रोजी स्वाक्षरी केली. लागवडीचे परवाने राज्याच्या कृषी विभागाकडे, तर खाण्यापिण्याच्या उत्पादनांचे परवाने व दुकानांची नोंदणी राज्याच्या आरोग्य सेवा विभागाकडे सोपवण्यात आली.

ही टक्केवारी तयार पदार्थाला लावल्यावर काय होते, हे साध्या हिशेबातून दिसते. पाच ग्रॅम वजनाच्या एका गमीच्या, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळीच्या, ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम. कोलोरॅडो राज्यात मारिजुआना कायदेशीर आहे. तेथे खाद्यपदार्थाच्या एका मात्रेवर १० मिलिग्रॅमची आणि संपूर्ण पाकिटावर १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. याउलट ५० ग्रॅमच्या चॉकलेटच्या वडीत १५० मिलिग्रॅम टीएचसी असले, तरी ती ०.३ टक्क्यांच्या आतच राहते. पेयाच्या बाबतीत हिशेब आणखी विचित्र होतो. सुमारे ३५५ ग्रॅम भरणाऱ्या डब्याच्या एकूण वजनावर टक्केवारी काढल्यास मर्यादा एक ग्रॅमच्याही वर जाते (पेयाचे "कोरडे वजन" कसे काढायचे, हा प्रश्न वेगळाच). प्रत्यक्षात बहुतेक पेयांत ५ ते १० मिलिग्रॅम टीएचसी असते, पण ते प्रमाण उत्पादक ठरवतात. टेक्सासच्या २०१९ च्या कायद्याने प्रत्येक मात्रेतील मिलिग्रॅमवर कोणतीही मर्यादा घातली नाही. परिणामी, मारिजुआनावर बंदी असलेल्या राज्यात ती कायदेशीर असलेल्या राज्यापेक्षा अधिक तीव्र खाद्यपदार्थ विकता येऊ लागले.

व्याख्येत आणखी दोन फटी होत्या. कायद्यात फक्त डेल्टा-९ टीएचसीचा उल्लेख होता. त्याचे जवळचे रासायनिक रूप असलेल्या डेल्टा-८ टीएचसीचा नव्हता. डेल्टा-८ वनस्पतीत अत्यल्प असते, परंतु मुबलक मिळणाऱ्या सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून ते बनवता येते. या प्रक्रियेतून राहणाऱ्या अशुद्ध घटकांबाबत संघीय अन्न व औषध प्रशासनाने ग्राहकांना सावध केले असून मे २०२२ मध्ये काही विक्रेत्यांना इशारापत्रेही पाठवली. दुसरी फट टीएचसीए या आम्लाची. ताज्या फुलात टीएचसी प्रामुख्याने या आम्लाच्या रूपात असते आणि उष्णता मिळताच त्याचे डेल्टा-९ टीएचसीमध्ये रूपांतर होते. त्यामुळे फक्त डेल्टा-९ मोजल्यास कागदोपत्री हेम्प ठरणारे फूल पेटवल्यावर गांजाच ठरते. कापणीपूर्वीच्या संघीय चाचणीत दोन्हींची बेरीज धरली जाते, दुकानातील मालाला मात्र ही बेरीज लागू असल्याचे स्पष्ट नव्हते.

== न्यायालयीन वाद ==

नव्या कायद्याचा पहिला परिणाम गुन्हे अन्वेषण प्रयोगशाळांवर झाला. २०१९ पर्यंत जप्त केलेल्या पाल्यात टीएचसी आहे की नाही एवढेच तपासले जाई. आता ते ०.३ टक्क्यांहून अधिक आहे हे सिद्ध करणे आवश्यक ठरले आणि बहुतेक प्रयोगशाळांकडे तशी सोय नव्हती. अनेक मोठ्या काउंटींमधील सरकारी वकिलांनी किरकोळ बाळगणुकीचे खटले मागे घेतले किंवा नवे खटले दाखल करणे थांबवले. जुलै २०१९ मध्ये राज्यपाल व इतर वरिष्ठ नेत्यांना पत्र पाठवून, या कायद्याने मारिजुआना वैध झालेला नाही, असे त्यांना कळवावे लागले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य सेवा विभागाने डेल्टा-८ कोणत्याही प्रमाणात बेकायदेशीर असल्याची सूचना प्रसिद्ध केली. ऑस्टिन येथील होमटाउन हिरो या कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रॅव्हिस काउंटीच्या जिल्हा न्यायालयाने सूचनेच्या अंमलबजावणीला अंतरिम मनाई केली व २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. प्रकरण पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मनाई लागू असल्यामुळे या काळात डेल्टा-८ ची विक्री सुरूच राहिली.

ओढण्याच्या हेम्पविषयीचा निकाल अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१९ च्या कायद्याने अशा मालाच्या राज्यातील उत्पादनावर बंदी घातली होती आणि आरोग्य विभागाने नियम करून विक्रीवरही बंदी आणली. जून २०२२ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पादनबंदी वैध ठरवली. विक्रीबंदीचा नियम मात्र खालच्या न्यायालयात रद्द झाला होता आणि राज्याने त्या भागाविरुद्ध दाद मागितली नव्हती. त्यामुळे टेक्सासमधील शेतकरी व कारखानदार यांना ओढण्यासाठी जे तयार करता येत नाही, ते परराज्यातून आणून विकता मात्र येते, अशी स्थिती निर्माण झाली.

== २०२५ मधील घडामोडी ==

२०२५ च्या विधिमंडळ अधिवेशनात उपराज्यपाल डॅन पॅट्रिक यांनी संपूर्ण बंदीचा आग्रह धरला. लबक येथील सिनेटर चार्ल्स पेरी यांनी मांडलेल्या सिनेट बिल ३ मध्ये सीबीडी व सीबीजी ही दोन द्रव्ये वगळता भांगेतील अन्य कोणतेही कॅनाबिनॉइड असलेल्या उत्पादनांवर बंदी प्रस्तावित होती. शाळांजवळची दुकाने, लहान मुलांना भुरळ घालणारी वेष्टने आणि अनियंत्रित तीव्रता हे समर्थकांचे प्रमुख मुद्दे होते. विरोधकांमध्ये व्यावसायिक व शेतकऱ्यांखेरीज माजी सैनिकांचाही लक्षणीय सहभाग होता. वेदना, निद्रानाश व युद्धोत्तर मानसिक आघात यांवर अनेक जण ही उत्पादने वापरत होते. दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले, परंतु नकाराधिकाराची मुदत संपण्यास थोडाच अवधी उरला असताना, २२ जून रोजी रात्री, ॲबट यांनी ते फेटाळले. अर्कान्सासमधील तशाच कायद्याला न्यायालयाने स्थगिती दिल्याचा दाखला देत, मद्याप्रमाणे या मालाचे नियमन करावे, असे त्यांनी सुचवले. योगायोगाने दोनच दिवसांनी संघीय अपील न्यायालयाने अर्कान्सासवरील ती स्थगिती उठवली.

त्यानंतरच्या दोन विशेष अधिवेशनांत सिनेटने पुन्हा बंदीची विधेयके संमत केली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरून डेमोक्रॅटिक सदस्य राज्याबाहेर गेल्याने पहिल्या अधिवेशनात प्रतिनिधिगृहाची गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या अधिवेशनातही प्रतिनिधिगृहात एकमत झाले नाही. अखेरीस १० सप्टेंबर २०२५ रोजी राज्यपालांनी जीए-५६ हा कार्यकारी आदेश काढून संबंधित विभागांना २१ वर्षांखालील व्यक्तींना विक्री न करण्याचे व ओळखपत्र तपासण्याचे नियम करण्यास सांगितले. मद्य आयोगाने त्याच महिन्यात व आरोग्य विभागाने ऑक्टोबरमध्ये तातडीचे नियम लागू केले. तोपर्यंत टेक्सासमध्ये नशा आणणाऱ्या या मालाच्या खरेदीसाठी राज्यस्तरावर कोणतीही वयोमर्यादा नव्हती.

एक बंदी मात्र त्याच अधिवेशनात संमत झाली होती. सिनेट बिल २०२४ अन्वये १ सप्टेंबर २०२५ पासून कॅनाबिनॉइडयुक्त ई-सिगारेटची विक्री हा गुन्हा ठरला असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद व ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरीकडे वैद्यकीय भांगेची योजना विस्तारण्यात आली. २०१५ मध्ये असाध्य अपस्मारासाठी सुरू झालेल्या या योजनेत आता दीर्घकालीन वेदनांसह आणखी काही विकारांचा समावेश आहे.

== खरेदी व वेष्टनावरील माहिती ==

ही उत्पादने धूम्रपानसाहित्याची दुकाने, सीबीडीची दुकाने, पेट्रोल पंपांवरील छोटी दुकाने, मद्याची दुकाने व काही उपाहारगृहे येथे, तसेच ऑनलाइन मिळतात. राज्याच्या कायद्यानुसार वेष्टनावर उत्पादनाचे व उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, बॅचची तारीख, डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांहून अधिक नसल्याचे प्रमाणन आणि प्रयोगशाळेच्या विश्लेषण प्रमाणपत्राकडे नेणारा दुवा किंवा क्यूआर कोड असणे बंधनकारक आहे. ग्राहकाच्या दृष्टीने यातील प्रमाणपत्र सर्वांत महत्त्वाचे. त्यावरील बॅच क्रमांक वेष्टनावरील क्रमांकाशी जुळतो का, टीएचसीचे प्रमाण प्रत्येक मात्रेमागे किती मिलिग्रॅम आहे आणि कीटकनाशके, जड धातू व द्रावकांचे अवशेष तपासले आहेत का, हे त्यातून कळते. "०.३ टक्क्यांहून कमी" या शब्दांवरून नशेच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही.

खाल्लेल्या टीएचसीचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो; काही होत नाही असे समजून दुसरी मात्रा घेणे हे अतिसेवनाचे नेहमीचे कारण आहे. गोळ्या मिठाईसारख्या दिसत असल्याने लहान मुलांनी त्या चुकून खाण्याचा धोका असतो. नोकरीसाठी होणाऱ्या मूत्रतपासणीत हेम्पपासून आलेले टीएचसी आणि मारिजुआनापासून आलेले टीएचसी वेगळे ओळखता येत नाही. तसेच माल कायदेशीररीत्या विकत घेतलेला असला, तरी त्याच्या अमलाखाली वाहन चालवणे हा टेक्सासमध्ये गुन्हाच आहे.

== गुन्हा व शिक्षा ==

टेक्सासमध्ये दोन औंसांपर्यंत मारिजुआना बाळगल्यास १८० दिवसांपर्यंत कैद व २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. खाद्यपदार्थ व अर्क यांतील बेकायदेशीर टीएचसीसाठीची तरतूद याहून कडक आहे. ते एक ग्रॅमपेक्षा कमी असले तरी गंभीर गुन्हा मानला जातो आणि वजन करताना त्यात मिसळलेले अन्य पदार्थही धरले जातात. म्हणजे गोळीतील साखर व जिलेटिनही मोजले जाते. चार ते ४०० ग्रॅम वजनासाठी २ ते २० वर्षे कैदेची तरतूद आहे.

शेजारच्या न्यू मेक्सिकोत एप्रिल २०२२ पासून प्रौढांना मारिजुआना विकत घेता येते आणि एल पासो शहराला लागून असलेल्या सनलँड पार्कमध्ये अशी दुकाने आहेत. तेथून आणलेली दहा मिलिग्रॅमची गोळी आणि एल पासोतील दुकानातून घेतलेली तेवढ्याच मिलिग्रॅमची हेम्पजन्य गोळी यांत शरीरावरील परिणामाच्या दृष्टीने फरक नसतो. पहिली बाळगणे टेक्सासमध्ये गंभीर गुन्हा ठरू शकते, दुसरी पावतीसह मिळते.

== भारतीय नागरिकांच्या संदर्भात ==

डॅलस, ह्यूस्टन व ऑस्टिन परिसरात मराठी भाषकांसह भारतीय विद्यार्थी व नोकरदार मोठ्या संख्येने राहतात. नियंत्रित द्रव्याच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाल्यास परदेशी नागरिकाच्या व्हिसावर व अमेरिकेतील वास्तव्यावर परिणाम होऊ शकतो. स्थलांतरविषयक कायदा संघीय असल्याने राज्यातील सवलत तेथे कामी येत नाही. अशी उत्पादने भारतात आणणे वेगळ्या कायद्याच्या कक्षेत येते. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात पाने व बिया फुलोऱ्यासोबत नसल्यास गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत आणि भांगेला काही राज्यांत मुभा मिळते ती यामुळेच. टीएचसी मात्र त्याच कायद्यातील मनःप्रभावी पदार्थांच्या सूचीत आहे आणि ०.३ टक्क्यांची अमेरिकी सवलत भारतात लागू होत नाही.

== संघीय व्याख्येतील बदल ==

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी संमत झालेल्या संघीय खर्चविषयक कायद्याने हेम्पची २०१८ मधील व्याख्या बदलली. एक वर्षानंतर अमलात येण्याच्या या तरतुदीनुसार टीएचसीएसह एकूण टीएचसी मोजले जाईल, वनस्पतीबाहेर रासायनिक प्रक्रियेने बनवलेली द्रव्ये वगळली जातील आणि तयार मालाच्या संपूर्ण डब्यात किंवा पाकिटात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी चालणार नाही. टक्केवारीऐवजी मिलिग्रॅममध्ये घातलेली ही मर्यादा टेक्सासच्या दुकानांत सध्या विकल्या जाणाऱ्या नशाकारक हेम्पजन्य उत्पादनांपैकी जवळजवळ कोणतेही पाळू शकत नाही. पाच मिलिग्रॅमच्या पेयाचा एक डबाही या मर्यादेच्या बारा पटींहून अधिक भरतो.