कामगारांची सुरक्षा: खर्च कमी, मालकाचं लक्ष जास्त लागतं



24 ऑगस्ट 2024 ला जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टील कारखान्यात भट्टीजवळ स्फोट झाला आणि 22 कामगार जखमी झाले. आपल्या मंठ्यात ती बातमी सगळ्यांनी मोबाईलवर बघितली. पण बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, "ते मोठ्यांचं काम. आपली तर दाल मिल आहे, फॅब्रिकेशनचं दुकान आहे."

इथंच गडबड होते. मोठ्या कारखान्यात निदान सेफ्टी ऑफिसर तरी असतो. तुमच्याकडे तो कोण? तुम्हीच.

आधी भट्टीचंच बघा, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. भंगार वितळवताना ओलं भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा, जुना शॉकअब भट्टीत गेला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या साधारण 1600 पट जागा लागते. मग वितळलेलं लोखंड उसळून बाहेर येतं. म्हणजे असा अपघात भट्टीत दिसतो, पण त्याची सुरुवात भंगार निवडणाऱ्या माणसापाशी होते. त्याला निवडायला वेळ दिला होता का, हा प्रश्न मालकाचा आहे.

आता आपल्याकडे या. दाल मिल असो, जिनिंग असो की पिठाची गिरणी, हात जातो तो पट्टा आणि पुलीमध्ये. जाळी बसवलेली असते, पण पट्टा घसरला की काढतात आणि परत लावत नाहीत. का? तुम्ही पोत्यामागे पैसे देता. जाळी काढा-लावायला दहा मिनिटं जातात, तेवढी मजुरी बुडते. कामगार बेफिकीर आहे असं म्हणणं सोपं असतं, पण हिशोब तुम्हीच तसा लावून दिलाय. मशीन बंद ठेवून केलेल्या दुरुस्तीच्या वेळेचे पैसे वेगळे द्या, जाळी आपोआप जागेवर राहील.

दुसरी गोष्ट कुलूप. मशीनमध्ये कुणी हात घालणार असेल तर मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं, आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात. मुकादमाकडे नाही, तुमच्याकडेही नाही. आपल्याकडे लाइट जाते, माणूस आत हात घालतो, आणि लाइट परत येते. स्विच चालूच राहिलेला असतो! दोनशे रुपयांच्या आतलं कुलूप पुरतं.

फॅब्रिकेशनवाल्यांनी आज दुकानात जाऊन ग्राइंडर बघावा. गार्ड काढून मोठी डिस्क लावलीय का? 4 इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11 हजार फेरे मारतो. डिस्कवर तिच्या कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर डिस्क फुटून तोंडावर येऊ शकते. लाकडाचं दातेरी पातं त्यावर लावणं तर बंदच करा.

बायका कामाला असतील तर पदर, ओढणी, मोकळे केस यांची सोय तुम्ही करा. शर्टासारखा कोट आणि डोक्याला रुमाल द्या. आणि एक सांगतो, मावशींना सगळ्यांसमोर "काही अडचण?" विचारलं तर त्या "नाही दादा" म्हणतील. चहाच्या वेळी मशीनपाशी उभं राहून विचारा, "इथं कधी भीती वाटते का?" मग खरं कळतं. "थोडक्यात वाचलो" असं कुणी म्हणालं तर तारीख टाकून वहीत लिहा. सांगणाऱ्याला रागावलात, तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

मीटरपासून पुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, अर्थिंग पावसाळ्याआधी तपासा. हे वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता पैशाचं. वीज वापरूनही 20 पेक्षा कमी कामगार असतील तर कारखान्याचा कायदा सहसा लागत नाही, हे खरं. पण कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय. माणूस रोजंदारीवरचा असला तरी. रक्कम ठरवताना त्याचं वय आणि मजुरी बघतात, म्हणून हजेरी आणि मजुरीची नोंद ठेवा. 10 किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसीची चौकशी करा, कमी असतील तर विमा एजंटला "वर्कमेन कॉम्पेन्सेशन" पॉलिसी मागा. पॉलिसीत हमाल आणि सीझनपुरते आलेले मजूर धरलेत का, ते सही करायच्या आधी वाचून घ्या.