मापात पाप, आता सॉफ्टवेअरमध्ये

परदेशात नोकरी करणाऱ्या मुसलमान मुलाला गावाकडून तीन प्रश्न हमखास येतात. ऑफिसात नमाजाला वेळ देतात का? हलाल मटण मिळतं का? आणि रमजानात कसं निभावतं? मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, शिक्षणाने कम्प्युटर इंजिनीअर. गेली दहा-बारा वर्षं लंडनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतोय. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. अवघड आहे तो चौथा प्रश्न, आणि तो सहसा कुणी विचारत नाही : तू दिवसभर जे बनवतोस, ते नक्की काय असतं?

आधी सोपं सांगून टाकतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. डिसेंबरात इथे जोहरची वेळ बाराच्या सुमारास होते, असर पावणेदोनच्या आसपास आणि मगरिब चार वाजायच्या आत. म्हणजे तिन्ही वेळा ऑफिसातच. पण एकेका वेळेला सात-आठ मिनिटं लागतात. सिगारेट ओढायला खाली जाणारे सहकारी त्याहून जास्त वेळ घेतात! ऑफिसात एक छोटी शांत खोली आहे, शुक्रवारचा जुमा कॅलेंडरवर कायमचा ब्लॉक करून ठेवलाय. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टने इथे धर्माच्या कारणावरून भेदभाव करायला बंदी आहे, पण मला तो कायदा दाखवायची वेळ कधी आली नाही. २०१६ चा रमजान जूनमध्ये आला होता, रोजा अठरा तासांहून मोठा. तेव्हाच्या मॅनेजरने न सांगता महत्त्वाच्या मीटिंगा सकाळी घ्यायला सुरुवात केली. हलाल मटण तर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर मिळतं.

आता चौथा प्रश्न. त्यातलाही एक भाग सरळ आहे, कारण यादी ठरलेली आहे : दारू, जुगार, व्याज. ऑनलाइन बेटिंगच्या कंपन्या इथे इंजिनीअरना चांगला पगार देतात. तिथला रिक्रूटर फोन करतो तेव्हा मी आभार मानून नको म्हणतो. बँकांचं मात्र तेवढं सोपं नाही. लंडन हे बँकांचं शहर, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्याही तिथेच भरपूर. काही आलिम म्हणतात, बँकेची कुठलीच नोकरी नको. काही म्हणतात, व्याजाचा व्यवहार लिहिणारं काम वेगळं आणि बँकेची दारं सांभाळणारं काम वेगळं. आमच्या घरातच दोन मतं आहेत. कुवेतमधला चुलतभाऊ पहिल्या बाजूचा. मुंबईचे मामा हज करून आलेत, आणि तीस वर्षं बँकेत नोकरी करून रिटायर झालेत. ईदला दोघे समोरासमोर आले की बिर्याणी थंड होईपर्यंत वाद चालतो. मी माझ्यापुरतं ठरवलंय : व्याज आकारणाऱ्या सिस्टिमवर काम घ्यायचं नाही. पेन्शनमध्येही पर्याय शोधावा लागतो. इथे पगारातून पैसे आपोआप पेन्शन फंडात जातात आणि सर्वसाधारण फंडात बँका, दारूच्या कंपन्या सगळ्याच असतात. सरकारने उभारलेल्या ‘नेस्ट’ पेन्शनमध्ये शरिया फंड आहे, पण तो आपण स्वतः निवडावा लागतो.

पण या यादीचा एक तोटा आहे. यादीतलं काही करत नाही म्हटलं की माणूस निर्धास्त होतो.

आमच्या अब्बांचं चिपळूणच्या बाजारात धान्याचं दुकान होतं. वजनमापं खात्याचा माणूस येऊन वजनांवर शिक्का मारून जायचा. तरी अब्बा सांगायचे, शिक्का वजनावर असतो, पारड्याच्या बुडाला चिकटवलेल्या चिंचेवर नसतो. तांदूळ विकणं हलालच आहे, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो मापाचा. कुराणात माप मारणाऱ्यांवर ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाचा एक अध्यायच आहे. मराठीत आपण त्याला ‘मापात पाप’ म्हणतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे पारडं गिऱ्हाइकाला दिसतच नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. गाडीची प्रदूषण चाचणी चालू आहे हे तिच्यातलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर आली की पुन्हा जैसे थे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर होतं. ते कुणीतरी इंजिनीअरनेच लिहिलं होतं. त्यांच्यातल्या एकाला अमेरिकेत २०१७ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट इथल्या ब्रिटिश पोस्टाची आहे. १९९९ पासून पोस्टाच्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची फुजित्सुची हिशोबाची सिस्टिम आली. तिच्या चुकांमुळे शाखेच्या हिशोबात नसलेली तूट दिसायची आणि ती पोस्टमास्तरांकडून वसूल व्हायची. २०१५ पर्यंत नऊशेहून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब असल्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यात आपल्या भारतीय उपखंडातून आलेली कितीतरी कुटुंबं होती. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं तेव्हा त्या गरोदर होत्या. शाखेचे आकडे बाहेरून कुणी बदलू शकत नाही असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं. प्रत्यक्षात फुजित्सुच्या माणसांना ते शक्य होतं. २०१९ मध्ये हायकोर्टाने सिस्टिममधले दोष मान्य केले, २०२१ मध्ये सीमा मिश्रांची शिक्षा रद्द झाली आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. पोस्टाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. हराम-हलालच्या कुठल्याही यादीत ते बसलं नसतं.

आपल्या माणसांचंही हेच. आम्ही चॉकलेटच्या पाकिटावर जिलेटिनचं नाव शोधतो, पण फोनमधलं ॲप काय करतं हे विचारत नाही. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा आणि किब्ला दाखवणारं ॲप कोट्यवधी लोकांकडे आहे. २०२० मध्ये बातमी आली, की त्याच्या वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एका डेटा कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर ॲपवाल्यांनी त्या कंपनीशी संबंध तोडले. नमाजाची वेळ बरोबर दाखवणाऱ्या ॲपमध्येही अमानतीचा प्रश्न उरतोच. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. मराठीतली ‘अनामत रक्कम’ त्याच शब्दाचं बदललेलं रूप. गिऱ्हाइकाची माहिती ही आमच्याकडची अनामतच.

बोलायला हे ठीक, प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा काय होतं? काही वर्षांपूर्वी मी एका सबस्क्रिप्शन विकणाऱ्या कंपनीत होतो. एक दिवस काम आलं : सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण चार पानं आत ढकलायचं आणि नूतनीकरणाच्या वेळी वर्षभराच्या महागड्या प्लॅनवर आधीच टिक करून ठेवायची. बेकायदा आहे असं कुणी म्हणत नव्हतं. पण पारड्याखालची चिंच मी ओळखतो.

त्यावेळी माझा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर होता. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. दोन रात्री बायकोशी बोललो. तिसऱ्या दिवशी त्या कामाच्या तिकिटावर लिहिलं : गिऱ्हाइकाने न निवडलेल्या वस्तूचे पैसे यातून जातील, मला हे करायचं नाही, त्याऐवजी असं करता येईल. धर्माचा उल्लेख केला नाही. जे चूक आहे ते धर्म न मानणाऱ्यालाही चूक वाटायला हवं, आणि वाटतं. ब्रिटिश कम्प्युटर सोसायटीच्या आचारसंहितेत पहिलं तत्त्वच लोकहिताचं आहे. माझ्या टिपणाखाली टेस्टिंगमधल्या एका इंग्रज बाईने, जिचा कुठल्याच देवावर विश्वास नाही, ‘मलाही हे पटत नाही’ असं लिहिलं.

पुढे काय झालं? आधीची टिक काढली. बटण चारऐवजी दोन पानं आत गेलं आणि ते काम दुसऱ्या कुणीतरी केलं. त्या वर्षी मला बढती मिळाली नाही. याचा त्याच्याशी संबंध होता का, कोण सांगणार? वर्षभराने मी ती कंपनी सोडली. एक मात्र लक्षात राहिलं : नमाजाची दहा मिनिटं द्यायला त्या कंपनीने कधी कुरकुर केली नाही. कमाईवर गदा यायची वेळ आली तेव्हाच माझी श्रद्धा तिला महाग वाटली असती, म्हणून तर ती कुरकुर झाली.

आता कोकणातून बरीच मुलं-मुली इकडे, आखातात, जर्मनीत येताहेत. ती मला हलाल नोकरीबद्दल विचारतात तेव्हा मी तीन गोष्टी सांगतो. कंपनी पैसे नेमके कशातून कमावते ते इंटरव्ह्यूतच विचारा. तुम्ही लिहिलेलं फीचर यशस्वी झालं तर कुणाचं नुकसान होईल, हे कोड लिहिण्याआधी स्वतःला विचारा. आणि आल्या आल्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका. ‘नाही’ म्हणायलाही पैसे लागतात, व्हिसावर असताना तर जास्तच. गावाकडे पैसे पाठवायचे असतात, गाडी घ्यायची असते, सगळं कळतं. तरी ती सहा महिन्यांची रक्कम आधी, गाडी मागाहून.