साधी गाठ बिघडते कशी?

तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर तुम्ही पाहिला असेल. टोकाचे पीळ सुटू लागले की दोर हळूहळू निकामी होतो. पेशीतील रंगसूत्रांच्या टोकांना निसर्गाने संरक्षक बंद दिले आहेत. त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशीचे विभाजन झाले की ते थोडे आखूड होतात. फार झिजले की विभाजन थांबते. (ही झीजच आपली एक पहारेकरी आहे!) झीज भरून काढणारे टेलोमरेज हे विकर प्रौढ यकृतपेशींत जवळजवळ बंद असते.

आता यकृतातील अॅडिनोमा ही साधी गाठ घेऊ. ती इतरत्र पसरत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचा संबंध १९७३ साली पुढे आला. बहुतेक गाठी साध्याच राहतात. काहींत मात्र बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचे जनुक बदललेले असते. हे प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देते आणि काम झाले की मोडले जाते. बदललेले प्रथिन मोडत नाही, म्हणून हुकूम चालूच राहतो. तरीही टोकांची झीज आवर घालते. पुढे कधी टेलोमरेजच्या जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या भागात एकच अक्षर बदलते, 'सी'च्या जागी 'टी' येतो, आणि बंद विकर सुरू होते. मी पदार्थविज्ञानाचा माणूस; एवढ्याशा बदलाने एवढा अनर्थ व्हावा याचे मला नवल वाटते.

म्हणून डॉक्टर गाठीचा आकार पाहतात तशी जातही पाहतात. बीटा-कॅटेनिनची, पाच सेंटिमीटरहून मोठी किंवा पुरुषाच्या यकृतातील गाठ काढण्याचा सल्ला देतात. एरवी गोळ्या थांबवून लक्ष ठेवतात. काही गाठी त्यानेच आक्रसतात.