विश्लेषण : लॅपटॉपचे साउंड कार्ड हॅम रेडिओला जोडताना नेमके काय चुकते?

हॅम रेडिओ १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावला, तर माणसाचा आवाज ऐकू येत नाही. एकमेकांत मिसळलेल्या बारीक शिट्ट्या साडेबारा सेकंद वाजतात, दोनेक सेकंद थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. कानाला हा नुसता कलकलाट. पण तोच आवाज लॅपटॉपच्या साउंड कार्डात सोडला, की पडद्यावर जपान, इटली, ब्राझीलमधल्या हौशी केंद्रांची सांकेतिक नावे एकाखाली एक उमटू लागतात. याला डिजिटल मोड म्हणतात. हाती रेडिओ असेल, तर त्यासाठी लागते ते काही शे रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड आणि मूठभर सुटे भाग. तरीही नवा परवाना मिळालेले अनेक जण अडतात ते याच जोडणीत. शिवाय ती चुकली, तर त्रास एकट्याला होत नाही, त्या पट्ट्यात ऐकत बसलेल्या सगळ्यांना होतो.

साउंड कार्डाचा येथे काय संबंध?

हॅम रेडिओचा संच मुळात माणसाच्या आवाजासाठी बनवलेला. मायक्रोफोनमधून आत जाणारा आवाज तो रेडिओलहरींवर चढवतो आणि समोरून आलेला स्पीकरवर ऐकवतो. तो आवाज माणसाचा आहे की यंत्राचा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मग अक्षरांचेच स्वर करून मायक्रोफोनच्या जागी सोडले आणि समोरच्या कॉम्प्युटरने त्या स्वरांची पुन्हा अक्षरे केली, तर संचाला हातही न लावता मजकूर पाठवता येतो. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणे हेच साउंड कार्डाचे काम असल्याने तेच मोडेम होते.

पूर्वी यासाठी टेलिप्रिंटर किंवा स्वतंत्र मोडेमची पेटी लागे. चित्र बदलले ते १९९८च्या अखेरीस. ब्रिटनचे हॅम पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके३१ ही पद्धत साध्या साउंड कार्डावर चालवून दाखवली. टाइप करून गप्पा मारण्याची ही पद्धत जेमतेम ३१ हर्ट्झ जागा घेते. बोलायला अडीच-तीन हजार हर्ट्झ लागतात.

आज सर्वाधिक गजबज असते ती एफटी८ या पद्धतीवर. स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी ती २०१७ मध्ये आणली. हे जो टेलर म्हणजे १९९३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. जोडीने फिरणाऱ्या पल्सारच्या शोधासाठी त्यांना रसेल हल्स यांच्यासह तो पुरस्कार मिळाला. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीमुळे पल्सार हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल उकरून काढणे हाच त्यांच्या संशोधनाचा धंदा होता, छंदातही त्यांनी तेच केले.

इतका क्षीण सिग्नल वाचता कसा येतो?

घाई नसल्यामुळे. एफटी८ मध्ये एका संदेशाला अवघे ७७ बिट मिळतात. त्यात चुका शोधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी जादा बिट मिसळले, की ते १७४ होतात. मग आठ वेगवेगळ्या स्वरांतून, दर ०.१६ सेकंदाला एक याप्रमाणे ७९ स्वर वाजवले जातात. त्यातले २१ फक्त ताळ जुळवण्यासाठी. एकूण वेळ १२.६४ सेकंद आणि जागा ५० हर्ट्झ. अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात मोजलेला गोंगाट सिग्नलच्या शंभरपट ताकदीचा असला, तरी संदेश वाचला जातो. कानाला तिथे काहीच ऐकू येत नसते.

अट एकच, दोन्हीकडची घड्याळे जुळलेली हवीत. प्रत्येक फेरी मिनिटाच्या ०, १५, ३० आणि ४५ व्या सेकंदाला सुरू होते. घड्याळ एखाद-दोन सेकंदांनी जरी चुकले, तरी पडदा कोरा राहतो आणि दोष बिचाऱ्या वायरवर जातो. भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा फरक येथे आड येत नाही, कारण सेकंद सगळीकडे तेच असतात.

थेट वायर जोडली तर?

हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर रेडिओच्या माइकच्या भोकात घातली, की झाले, असे वाटते. पण रेडिओच्या माइकला काही मिलिव्होल्ट पुरतात आणि हेडफोनचा आवाज वाढवला, तर तो एक व्होल्टच्या आसपास जातो. म्हणजे गरजेच्या शंभरपट. त्यासाठी मध्ये दोन रेझिस्टरचा विभाजक घालून आवाज सुमारे शंभरपटीने उतरवतात. संचाच्या मागे डेटाचा वेगळा सॉकेट असेल, तर तो वापरणे उत्तम. त्याची पातळी साउंड कार्डाला बरीच जुळते आणि पुढच्या व्हॉल्यूमच्या बटणाने ती बदलत नाही.

दुसरी भानगड अर्थिंगची. लॅपटॉप चार्जरवर आणि रेडिओ वेगळ्या पॉवर सप्लायवर असला, की दोघांच्या ग्राउंडमध्ये थोडासा फरक राहतो. ऑडिओच्या वायरने ते जोडले जातात आणि सिग्नलवर घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर चढते. उपाय जुना आणि स्वस्त आहे : दोन्ही वाटांवर ६०० ओहमचे एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. आवाज पलीकडे जातो, पण तांब्याचा थेट संबंध राहत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सुटे भाग शोधता येतात.

आता साउंड कार्ड वेगळे का घ्यायचे? लॅपटॉपचे स्वतःचे कार्ड वापरले, तर ईमेल आल्याचा टिंग आणि चुकून सुरू झालेले गाणे हे सगळे थेट हवेत जाते. हॅम बँडवर संगीत वाजवायला बंदी आहे, त्यामुळे हा विनोद महागात पडू शकतो. दुसरे कार्ड लावून फक्त डिजिटल मोडचे सॉफ्टवेअर त्यावर ठेवले, की प्रश्न मिटतो. २०१६ मध्ये आलेल्या आयकॉम आयसी-७३०० सारख्या संचांत साउंड कार्ड आतच असते आणि एकाच यूएसबी केबलवर काम भागते. जुना संच असेल, तर मात्र हा खटाटोप करावाच लागतो.

आवाज किती ठेवायचा?

खरी मेख येथे आहे. वायर बरोबर, घड्याळ बरोबर, तरी समोरून उत्तर येत नाही. मग नवखा माणूस व्हॉल्यूमची पट्टी आणखी वर सरकवतो. नेमके हेच करायचे नसते.

सिग्नल गरजेपेक्षा मोठा झाला, की साउंड कार्डात किंवा रेडिओत लहरींचे माथे छाटले जातात. ७०० हर्ट्झच्या स्वच्छ स्वरासोबत मग १,४०० आणि २,१०० हर्ट्झवर त्याची भुते उभी राहतात. एफटी८ ची सगळी वर्दळ तीनेक किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली असते. त्यामुळे ही भुते दुसऱ्याच कोणाच्या तरी क्षीण सिग्नलवर जाऊन बसतात. ज्याने गोंधळ घातला, त्याला स्वतःच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. दूरवरच्या कोणा हॅमचा कानाडोळा न करणारा निरोप आला, तरच कळते.

म्हणून रेडिओवरचा एएलसीचा काटा बघायचा. संच स्वतःहून सिग्नल दाबू लागला, की हा काटा हलतो. डिजिटल मोडमध्ये तो जवळपास शून्यावर राहायला हवा. कॉम्प्युटरचा आवाज हळूहळू वाढवत न्यावा, काटा हलू लागला की थोडा मागे घ्यावा आणि तिथेच सोडून द्यावा. आवाज सुधारण्यासाठी संचात असलेला स्पीच प्रोसेसर बंद ठेवायचा. ऐकण्याच्या बाजूला डब्ल्यूएसजेटी-एक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पातळीचा उभा मापक असतो. बँडवर नुसता गोंगाट असताना तो ३० डेसिबलच्या आसपास आला, की पुरे. याच सॉफ्टवेअरच्या ‘स्प्लिट’ सोयीने पाठवण्याचा स्वर १,५०० ते २,००० हर्ट्झच्या दरम्यान राहतो आणि त्याची भुते संचाच्या फिल्टरबाहेर पडतात. ही सोय सुरू करण्यात कंजुषी नको.

आणखी एक. बोलताना माणूस मध्येमध्ये थांबतो, एफटी८ थांबत नाही. पावणेतेरा सेकंद सलग पूर्ण ताकद वापरली, की संच तापतो. त्यामुळे शंभर वॉटचा संच तीस-चाळीस वॉटवर चालवणे शहाणपणाचे.

ट्रान्समिटचे बटण कोण दाबणार?

तीन मार्ग आहेत. आवाज आला की संच आपोआप ट्रान्समिटवर जाणे, म्हणजे व्हॉक्स, हा सगळ्यात सोपा. दुसरा, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या आरटीएस पिनने ऑप्टोकपलर चालवणे. त्यात प्रकाशाच्या आधारे खटका दाबला जातो, त्यामुळे येथेही दोन यंत्रे विजेने वेगळी राहतात. तिसरा, संच आधुनिक असेल तर केबलवरून थेट आज्ञा.

नवख्यांना हमखास चकवणारा एक घोळ नावातच आहे. यूएसबी म्हणजे केबल आणि यूएसबी म्हणजे अपर साइडबँडही. बोलण्यासाठी ७ मेगाहर्ट्झवर लोअर साइडबँड वापरण्याची रीत आहे, पण एफटी८ साठी ७.०७४ वरही अपरच लागतो. चुकून लोअर राहिला, तर सगळे स्वर उलटे होतात आणि काहीही वाचले जात नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे?

गच्चीवर अँटेना लावायला सोसायटी तयार नसते, म्हणून बाल्कनीतली आखूड अँटेना. अशा अडचणीच्या जागेतूनही खंडापार पोहोचता येते, हेच या पद्धतींचे मोठे आकर्षण. पण अँटेना टेबलापासून चार-पाच मीटरवर असली, की ट्रान्समिट होताच तिची ऊर्जा यूएसबी केबलमध्ये शिरते. माउस गोठतो, साउंड कार्ड गायब होते, कधी संच ट्रान्समिटवरच अडकून बसतो. केबल आखूड ठेवणे आणि दोन्ही टोकांना फेराइटचे मणी चढवणे, एवढ्याने बहुतेकदा काम होते. स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवे उलट दिशेने त्रास देतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघितले, तर पडद्यावरचा गोंगाट लगेच उतरतो का, ते दिसते.

आपत्तीत याचा उपयोग होतो का?

एफटी८ चा फारसा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. त्यात मोकळा मजकूर एका वेळी फक्त १३ अक्षरांचा जातो. ‘औषधे पाठवा, रस्ता बंद’ एवढेही त्यात मावणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात त्सुनामीनंतर तिथे मोहिमेवर गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरून संपर्क सांभाळला, त्याची आठवण नेहमी काढली जाते. अशा प्रसंगी मजकूर मोकळेपणाने जायला हवा. त्यासाठी पीएसके३१, ऑलिव्हिया किंवा एफटी८ च्याच पायावर उभे असलेले २०१८ चे जेएस८कॉल जास्त कामाचे. जोडणी मात्र सगळ्यांना तीच लागते. साउंड कार्ड, ट्रान्सफॉर्मर आणि पातळी एकदा जमली, की फक्त सॉफ्टवेअर बदलायचे.

सुरुवात कुठून करावी?

पाठवण्यासाठी परवाना हवाच. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा त्यासाठी परीक्षा घेते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. ऐकून बघायला मात्र मोबाइल पुरतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडून १४०७४ किलोहर्ट्झ आणि यूएसबी निवडले, की तो कलकलाट थेट ऐकता येतो. आणि वायरशिवायची जोडणी बघायची असेल, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर छायाचित्रे आवाजाच्या रूपात पाठवते. ओळखीच्या हॅमच्या संचाच्या स्पीकरजवळ रोबोट३६ हे ॲप उघडून फोन धरला, की एकेक ओळ उतरत दोनेक मिनिटांत चित्र पूर्ण होते. खोलीतला पंखा तेवढा बंद ठेवावा.