भोक आणि त्याची कड

कागद, कातडे किंवा कापड यांना भोक पाडले की त्या जागी वस्तू कमजोर होते. भोकाच्या जागी जे तंतू तुटले, त्यांच्या वाट्याचा भार शेजारच्या तंतूंवर येतो. जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले, की ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक असेल, तर त्याच्या कडेवरचा सर्वाधिक ताण सरासरीच्या तिप्पट होतो. भोकाला कोपरे असतील तर तो आणखी वाढतो. पुठ्ठ्याच्या आकाशकंदिलाला कात्रीच्या टोकाने भोसकून दोरी ओवली, तर तो वाऱ्यावर दोरीपाशी का फाटतो, ते यावरून उमगते. कात्रीने भोक पडत नाही, चीर पडते, आणि चीर वाढतच जाते.

भोक करण्याच्या दोन रीती अगदी वेगळ्या आहेत. चांभाराची आरी कातड्याचे तंतू बहुतांशी बाजूला सारते. ती काही काढून टाकत नाही. त्यामुळे आत धागा किंवा वादी ओवली, की कातडे तिच्याभोवती आवळून बसते. परंपरागत कोल्हापुरी चप्पल चामड्याच्याच वादीने शिवली जाते, तिला खिळा लागत नाही. त्या कामात आरीच योग्य. पण भोक उघडे राहायला हवे असेल, म्हणजे त्यातून नाडी सरकायची असेल किंवा आयलेट, म्हणजे धातूची कड, बसवायचे असेल, तर पोकळ पंच लागतो. त्याची धारदार नळी कातड्याची गोल टिकली कापून काढते. चाकावर सहा नळ्या बसवलेल्या पक्कडीत साधारण २ ते ४.५ मिलिमीटरची भोके मिळतात. हातोड्याने पंच मारताना खाली लाकूड किंवा नायलॉनची पाटी ठेवतात. लोखंडावर ठेवून मारल्यास धार पहिल्याच दिवशी जाते.

कागदाच्या पंचाची रीत आणखी निराळी आहे. त्यातला दट्ट्या खालच्या तंतोतंत भोकात शिरतो आणि दोन कडांमध्ये कागद कातरला जातो. बॉनच्या फ्रीडरिश सोनेकेन यांनी १८८६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. आज फाइलच्या दोन भोकांमधले ८० मिलिमीटरचे अंतर आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे.

भोकाला धातूची कड लावण्याची गरज प्रथम कॉर्सेटच्या कपड्यात तीव्र झाली. आधी ही भोके धाग्याने गुंफत. जोराने नाडी आवळली की भोके उसवत. लंडनच्या टॉमस रॉजर्स यांनी १८२३ मध्ये धातूच्या आयलेटचे पेटंट घेतले. त्यानंतर कंबर अधिक आवळता येऊ लागली, हा त्या शोधाचा फारसा अभिमान न बाळगावा असा उपयोग.

आयलेट म्हणजे एका टोकाला चपटी कड असलेली आखूड नळी. नळी भोकातून पलीकडे काढतात आणि तिचे मोकळे तोंड सेटरने दाबतात. सेटरचे टोक असे घडवलेले असते, की नळीचे काठ बाहेर वळून मागे दुमडतात. दोन कडांमध्ये कागद किंवा कापड चिमटले जाते आणि भार कच्च्या काठाऐवजी सगळ्या वर्तुळावर पसरतो. पितळ किंवा अॅल्युमिनियम यासाठी सोयीचे, कारण ते न तापवता वळते. मात्र वळताना पितळ कडकही होत जाते. म्हणून काम थोडक्या दाबात आटपावे. पुन्हा पुन्हा ठोकल्यास काठ फाटतो.

इथे जोरापेक्षा मापाला किंमत आहे. नळी कागदाच्या किंवा कापडाच्या जाडीपेक्षा साधारण दीड-दोन मिलिमीटर लांब असावी. आखूड नळीला पकड येत नाही, लांब नळी वाकडी चेपते किंवा चिरते. भोक नळीला घट्ट बसेल इतकेच हवे. सैल भोकात आयलेट पहिल्या ओढीला निसटते. पातळ कागदाखाली कार्डाची टिकली चिकटवली, की पकड भरून येते. ताडपत्री आणि फ्लेक्सवर आयलेटच्या मागे वॉशर घालतात, कारण तिथे वाऱ्याची ओढ सतत बदलत असते.

अमेरिकेतल्या स्क्रॅपबुकच्या छंदातून लांब दांड्यांची एक दुहेरी पक्कड लोकप्रिय झाली. क्रॉप-अ-डाइल हे तिचे परिचित नाव. ती एक अष्टमांश आणि तीन षोडशांश इंच, म्हणजे सुमारे ३.२ आणि ४.८ मिलिमीटरची भोके पाडते आणि त्याच मापाची आयलेटही बसवते. लांब दांड्यांमुळे तरफेचा फायदा होतो. चिपबोर्ड व पातळ पत्र्यालाही हातोडा लागत नाही, आणि शेजाऱ्यांनाही स्वस्थता. मर्यादा जबड्याच्या खोलीची. पानाच्या मधोमध भोक हवे असेल, तर पुन्हा हातोडा व पंचच घ्यावा लागतो.

वाकडे बसलेले आयलेट ठोकून सरळ होत नाही. त्याचा वळलेला काठ बारीक कटरने छाटून नळी ओढून काढतात. भोक तोवर थोडे मोठे झालेले असते. तिथे पुढच्या मापाचे आयलेट घालावे, किंवा मागे नवा तुकडा लावून नव्याने भोक पाडावे.