फुप्फुसाचा कर्करोग: नेमका कोणता?

फुप्फुसाच्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा बारीक असतो. तो फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि पहिला काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने जांभळा-गुलाबी रंगवतात. लहान पेशींचा कर्करोग अनेकदा एवढ्यावरच ओळखू येतो. त्याचा वाटा साधारण १५ टक्के. उरलेल्यांत पेशींनी ग्रंथींसारखी रचना केली असेल तर अ‍ॅडिनोकार्सिनोमा, केराटिन दिसले तर स्क्वेमस. दोन्ही खुणा पुसल्या गेल्या असतील, तर मात्र नुसत्या रूपावरून सांगितलेला प्रकार हा अंदाजच.

पूर्वी त्याने फारसे बिघडत नसे, कारण दोन्हींवर केमोथेरपी जवळपास सारखीच होती. हा भेद करायला भाग पाडले ते औषधांनी. पेमेट्रेक्सेडचा स्क्वेमसवर फायदा होत नाही. बेव्हॅसिझुमॅब दिले तर स्क्वेमसच्या रुग्णाला फुप्फुसातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

इथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री कामी येते. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी कापावर सोडतात. तिला जोडलेल्या विकरामुळे, प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. अल्बर्ट कून्स यांनी १९४१मध्ये चकाकणारा रंग जोडून ही युक्ती प्रथम केली. १९७५मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांच्या पद्धतीमुळे एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवता येऊ लागल्या.

पेशींची केंद्रके टीटीएफ-१ या प्रथिनाच्या अँटिबॉडीने तपकिरी झाली तर कौल अ‍ॅडिनोकार्सिनोमाकडे. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश गाठींत हे प्रथिन सापडते. बहुतेक केंद्रके पी४०ने गडद रंगली तर स्क्वेमस. आधी पी६३ वापरत, पण ते काही अ‍ॅडिनोकार्सिनोमांतही उमटून चकवते. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि सीडी५६ यांची गरज पेशी न्यूरोएंडोक्राइन वळणाच्या दिसल्या तरच.

यांपैकी कोणताही मार्कर, म्हणजे ओळख पटवणारे प्रथिन, एकट्याने खात्री देत नाही. टीटीएफ-१ थायरॉइडच्या गाठींत आणि लहान पेशींच्या कर्करोगातही दिसतो. पी४० पेशीची जात सांगतो, गाव सांगत नाही. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात गाठ सापडली, तर ती तिथलीच की तोंडातून पसरलेली, हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडे हा प्रश्न नेहमीचाच.

शंका आली की दहा मार्कर लावून पाहण्याचा मोह घातक, कारण प्रत्येक मार्कर एक काप खातो. ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या चाचण्यांनाही हाच तुकडा लागतो, आणि गोळ्यांचा उपचार शक्य आहे का हे त्यांतल्या पहिल्या दोन सांगतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे २०१५चे वर्गीकरणही लहान बायोप्सीत मोजकेच मार्कर वापरायला सांगते. बहुतेकदा टीटीएफ-१ आणि पी४० पुरतात. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जाताना नातेवाइकांनी अहवालासोबत काचपट्ट्या आणि तो मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा.